अदृश्याची मोजणी

उन्हाळ्याच्या दुपारी कौलांच्या फटीतून घरात कवडसा पडतो. त्या प्रकाशाच्या पट्ट्यात असंख्य धूलिकण वरखाली तरंगताना आपण पाहतो. कोणता कण पुढच्या क्षणी कोणीकडे वळेल, हे कोणालाही सांगता येत नाही. हवेची झुळूक त्यांना हालवते असे आपण म्हणतो, आणि बहुतांशी ते खरेही असते. पण समजा, पाण्याचा एक थेंब काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये बंद करून ठेवला आहे. तेथे वाऱ्याचा लवलेश नाही, कोणाचा धक्का नाही. तरीही त्यातील बारीक कण क्षणभर स्वस्थ राहत नाहीत. मग त्यांना कोण हालवते? या प्रश्नाचा पाठपुरावा करून ज्यांनी डोळ्यांना न दिसणाऱ्या रेणूंची मोजणी केली, त्या थोर फ्रेंच शास्त्रज्ञाचे नाव झां पेरँ.

झां पेरँ यांचा जन्म फ्रान्सच्या उत्तर भागातील लील या शहरी ३० सप्टेंबर १८७० रोजी झाला. त्यांचे वडील सैन्यात अधिकारी होते. त्याच वर्षी फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले होते. त्या युद्धात झालेल्या जखमांमुळे पुढे वडिलांचा अंत झाला, आणि झां व त्यांच्या दोन बहिणी यांच्या पालनपोषणाचा भार एकट्या आईवर पडला. घरची स्थिती बेताचीच होती. पण आईने मुलाच्या शिक्षणात खंड पडू दिला नाही. १८९१ साली झां यांना पॅरिसमधील एकोल नोर्माल या विख्यात संस्थेत प्रवेश मिळाला. भावी प्राध्यापक आणि संशोधक तयार करणारी ती संस्था होती.

शिक्षण पुरे झाल्यावर ते त्याच संस्थेत साहाय्यक म्हणून काम करू लागले. त्या काळी निर्वात नळीतून विद्युत् प्रवाह सोडला असता ऋण टोकाकडून निघणारे किरण हे शास्त्रज्ञांना मोठे कोडे होते. ते प्रकाशासारख्या लहरी आहेत की कण आहेत, याविषयी एकमत नव्हते. १८९५ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, पेरँ यांनी ते किरण नळीतच ठेवलेल्या धातूच्या एका पात्रात अडवले आणि त्यांच्याबरोबर ऋण विद्युत् भार येतो असे दाखवून दिले. पुढे दोनच वर्षांनी इंग्लंडमध्ये जे. जे. टॉमसन यांनी इलेक्ट्रॉनचा शोध लावला. त्या शोधाची वाट सुकर करण्यात पेरँ यांच्या प्रयोगाचा वाटा होता. लवकरच पॅरिसच्या सॉरबॉन विद्यापीठात त्यांची अध्यापक म्हणून नेमणूक झाली. तेथे त्यांनी सुमारे चाळीस वर्षे अध्यापन केले.

तो काळ एका मोठ्या वादाचा होता. सर्व पदार्थ अतिसूक्ष्म कणांचे बनलेले आहेत, ही कल्पना फार प्राचीन आहे. आपल्याकडे कणाद मुनींनी परमाणूंचा विचार मांडला, तर ग्रीस देशात डेमॉक्रिटसने. एकोणिसाव्या शतकातील रसायनशास्त्रज्ञांनी याच कल्पनेच्या आधारे आपले सारे शास्त्र उभारले होते. परंतु अणू किंवा रेणू कोणी पाहिलेला नव्हता. जे दिसत नाही, मोजता येत नाही, ते खरे कशावरून मानावे, असा आक्षेप ऑस्ट्रियाचे एर्न्स्ट माख आणि जर्मनीचे विल्हेल्म ओस्टवाल्ट यांच्यासारखे विद्वान घेत असत. त्यांच्या मते अणू ही केवळ हिशेबाच्या सोयीसाठी केलेली कल्पना होती. हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नव्हता. शास्त्रात श्रद्धेला नव्हे, तर पुराव्याला मान असतो. आणि तसा निर्णायक पुरावा अद्याप कोणाजवळ नव्हता.

पुरावा दडून बसला होता तो पाण्याच्या एका थेंबात. १८२७ साली रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाला फुलांच्या परागांतील बारीक कण पाण्यात सतत थरथरताना दिसले होते. ते जिवंत असावेत, अशी शंका त्याला प्रथम आली. म्हणून त्याने काचेची पूड घेऊन पाहिली, निरनिराळ्या दगडांची पूड घेऊन पाहिली; इजिप्तमधील स्फिंक्सच्या प्रचंड मूर्तीचा एक तुकडादेखील त्याने कुटून पाण्यात टाकला. हजारो वर्षे निश्चल असलेल्या त्या दगडाचे कणही तसेच नाचू लागले. अर्थात या हालचालीचा जीवाशी काही संबंध नव्हता. पुढे ‘ब्राउनची गती’ असे तिला नाव पडले, पण तिचे कारण बराच काळ निश्चित झाले नाही.

१९०५ साली स्वित्झर्लंडमधील बर्न येथे पेटंटांच्या कचेरीत नोकरी करणाऱ्या आल्बर्ट आइन्स्टाइन या तरुणाने गणिताच्या साहाय्याने या गतीचा उलगडा केला. पुढच्याच वर्षी पोलंडचे मारियान स्मोलुखोव्स्की हेही स्वतंत्र मार्गाने त्याच ठिकाणी पोहोचले. पाण्याचे रेणू अखंड धावत असतात आणि पाण्यातील कणावर सर्व बाजूंनी आदळत असतात. हे आघात कधीही अगदी सारखे नसतात. कधी डावीकडून अधिक, तर कधी उजवीकडून. म्हणून कण इकडे तिकडे ढकलला जातो. तो केव्हा कोठे जाईल हे सांगता येणार नाही. परंतु सरासरीने तो किती दूर जाईल, हे मात्र सांगता येईल, असे त्यांच्या गणिताचे म्हणणे होते.

हे म्हणणे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. म्हणून एक खेळ कल्पू. सोळा मुले मैदानावर एका रेषेत उभी आहेत. प्रत्येकाने नाणे उडवावे. छाप पडला तर एक पाऊल पुढे टाकावे, काटा पडला तर एक पाऊल मागे. असे चार वेळा करावे. नाण्याने सर्व शक्यतांना सारखा न्याय दिला, तर सहा मुले पुन्हा मूळ रेषेवरच आलेली असतील, आठ मुले दोन पावलांवर असतील, आणि दोन मुले चार पावलांवर. आता प्रत्येकाच्या अंतराचा वर्ग करून बेरीज करू : सहा मुलांचे शून्य, आठ मुलांचे प्रत्येकी ४ म्हणजे ३२, आणि दोन मुलांचे प्रत्येकी १६ म्हणजे ३२. एकूण ६४. त्यास १६ ने भागले की ४ येतात, आणि त्यांचे वर्गमूळ २. म्हणजे चार पावले टाकूनही मुले सरासरीने दोनच पावले दूर गेली. सोळा पावले टाकली तर हे अंतर चार होईल. शंभर टाकली तर दहा. काळ चौपट झाला तर अंतर केवळ दुप्पट होते. एकेक मूल कोठे असेल ते नाणे ठरवील. सर्व मुलांचा मेळ मात्र नियमाने बांधलेला असतो.

गणिताने नियम सांगितला; पण सृष्टी तो पाळते की नाही, हे पाहणे प्रयोगाचे काम होते. ते काम पेरँ यांनी १९०८ च्या सुमारास हाती घेतले.

त्यासाठी त्यांना अगदी गोल आणि एकाच आकाराचे असंख्य कण हवे होते. ते त्यांना एका रंगात सापडले. आग्नेय आशियात, आपल्या कोकमाच्या जातकुळीतलेच एक झाड होते. त्याच्या खोडातून पिवळा चीक निघतो. तो वाळवून केलेल्या रंगाला गॅम्बोज म्हणतात, आणि चित्रकार तो जलरंग म्हणून वापरीत आले आहेत. हा गोळा साबणाच्या वडीसारखा पाण्यात हाताने चोळला की पिवळे पाणी तयार होते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यात हजारो लहान लहान गोल कण दिसतात. मात्र ते सर्व एका आकाराचे नसतात. पेरँ यांनी ते पाणी गरगर फिरणाऱ्या यंत्रात घातले. दुधावर साय वेगळी व्हावी, तसे मोठे कण लहान कणांपासून थोडे वेगळे झाले. ती कृती पुन्हा केली, पुन्हा केली. असे कित्येक महिने चालले. एक किलोग्रॅम गॅम्बोज घेऊन एवढ्या परिश्रमांनी हाती आले ते एक ग्रॅमपेक्षाही कमी वजनाचे, एकसारख्या आकाराचे कण. दुसरा एखादा कंटाळला असता. पेरँ यांना ते धन वाटले.

पहिला प्रयोग कणांच्या मांडणीचा होता. उंच पर्वतावर हवा विरळ होते, हे आपण भूगोलात शिकतो. सुमारे साडेपाच किलोमीटर उंच गेल्यास ती निम्मी होते. आणखी तितकेच उंच गेल्यास निम्म्याची निम्मी. गुरुत्वाकर्षण रेणूंना खाली ओढते, तर त्यांची स्वतःची धावपळ त्यांना वर पसरवते. या दोहोंच्या ओढाताणीत ही मांडणी ठरते. पेरँ यांनी असा विचार केला की, गॅम्बोजचे कण जर खरोखर रेणूंच्या धक्क्यांनी हालत असतील, तर तेही एखाद्या अवजड रेणूप्रमाणेच वागतील, आणि पाण्याच्या थेंबातही एक चिमुकले वातावरण तयार होईल.

थेंबाची खोली मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी होती. सूक्ष्मदर्शकाचा रोख एका पातळीवर ठेवायचा आणि तेथील कण मोजायचे. पण नाचणारे कण मोजणार कसे? पेरँ यांनी दृष्टीचे क्षेत्र एका बारीक छिद्राने इतके लहान केले की एका वेळी पाचसहाच कण दिसावेत. एका दृष्टिक्षेपात तेवढे मोजता येतात. मग ठराविक वेळाने पुन्हा पाहायचे, आकडा टिपायचा, पुन्हा पाहायचे. एका प्रयोगमालेत अशा रीतीने १३,००० कणांची नोंद झाली. तळापासून ५, ३५, ६५ आणि ९५ मायक्रॉन उंचीवर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणांचे प्रमाण अनुक्रमे १००, ४७, २२.६ आणि १२ असे आढळले. नियमाप्रमाणे ते १००, ४८, २३ आणि ११.१ यायला हवे होते! ज्या गर्दीत एकही कण क्षणभर एका जागी ठरत नव्हता, त्या गर्दीची मांडणी अशी आखीव होती.

आता उरले ते व्यस्त त्रैराशिक. हवा निम्मी होण्यास सुमारे ५,५०० मीटर चढावे लागते. कण निम्मे होण्यास सुमारे ३० मायक्रॉन पुरतात. म्हणजे कणांची उंची हवेच्या उंचीपेक्षा सुमारे अठरा कोटी पट लहान. कण जितका जड, तितकी ही उंची कमी. तेव्हा पाण्यातील एक कण हवेच्या एका रेणूपेक्षा सुमारे अठरा कोटी पट जड असला पाहिजे. पाण्याची उचल वजा जाता कणाचे वजन किती भरते, हे पेरँ यांनी मोजून काढले होते. त्या वजनास भागले की रेणूचे वजन मिळाले. जो रेणू कोणी पाहिला नव्हता, तो अशा रीतीने तराजूत पडला.

पेरँ एवढ्यावर थांबले नाहीत. आइन्स्टाइन यांनी सांगितलेली कणांची भटकंतीही त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह मोजली. एकच कण डोळ्यांखाली ठेवायचा, आणि दर तीस सेकंदांनी तो जेथे असेल तेथे चौकटीच्या कागदावर ठिपका द्यायचा. ठिपके रेषांनी जोडले की एक वेडीवाकडी आकृती तयार होई. त्या आकृतींतील अंतरे मोजता गणिताचा नियम बरोबर ठरला, आणि रेणूंच्या संख्येचा अंदाजही पहिल्या प्रयोगाशी जुळला.

या आकृतींकडे पाहताना पेरँ यांच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. दोन ठिपक्यांमधील सरळ रेषा ही कणाची खरी वाट नव्हे. तीस सेकंदांऐवजी दर सेकंदाला ठिपका दिला, तर त्या एका सरळ रेषेच्या जागी तीस तुकड्यांची तितकीच वेडीवाकडी रेषा येईल. आणि त्या प्रत्येक तुकड्याचे अधिक बारकाईने पाहिल्यास पुन्हा तेच होईल. खडकाळ समुद्रकिनारा नकाशात जेवढा नागमोडी दिसतो, त्याहून जवळ गेल्यावर अधिक दिसतो, तसाच हा प्रकार. कोठेही ही रेषा सरळ, गुळगुळीत होत नाही. ज्या बिंदूपाशी रेषेला निश्चित दिशाच नाही, अशा वक्ररेषा गणितज्ञांनी पूर्वी केवळ विचाराने कल्पिल्या होत्या, आणि अनेकांना ती निव्वळ कल्पनेची करामत वाटत असे. पेरँ यांनी दाखवून दिले की सृष्टी तशा रेषा पाण्याच्या प्रत्येक थेंबात रोज काढीत असते. हा धागा पकडून पुढे १९२३ साली अमेरिकेचे नॉर्बर्ट वीनर यांनी अशा वाटांचे पक्के गणित रचले. गणिताने प्रयोगाला दृष्टी दिली होती. आता प्रयोगाने गणिताला नवे क्षेत्र दिले.

१८ ग्रॅम पाण्यात, म्हणजे जेमतेम चार लहान चमचे पाण्यात, किती रेणू असतात? पेरँ यांचे उत्तर होते : सुमारे ६८ या आकड्यावर २२ शून्ये. आज निश्चित झालेली संख्या सुमारे ६० वर २२ शून्ये अशी आहे. सामान्य सूक्ष्मदर्शक आणि चित्रकाराचा रंग यांच्या बळावर काढलेले हे उत्तर किती जवळचे होते, हे यावरून दिसेल. आकाशाच्या निळ्या रंगावरून, किरणोत्सर्गावरून, विद्युत् भारावरून, अशा दहाहून अधिक वेगवेगळ्या मार्गांनी शास्त्रज्ञांना तेच उत्तर मिळत होते. इतके साक्षीदार एकमेकांना न भेटता एकच हकीकत सांगू लागले, तर ती खोटी कशी मानावी? १९०९ साली ओस्टवाल्ट यांनी आपला विरोध मोकळ्या मनाने मागे घेतला. मत चुकले असता ते बदलण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९१३ साली पेरँ यांनी ‘अणू’ या नावाचा ग्रंथ लिहून हा सारा पुरावा जगापुढे ठेवला. १९२६ साली त्यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

असा हा विद्वान मुलांमध्ये मोठ्या आनंदाने रमत असे. मारी क्यूरी आणि पॉल लांजव्हँ हे शास्त्रज्ञ त्यांचे स्नेही होते. या मित्रांनी एके काळी ठरवले की आपल्या मुलांना आपणच शिकवावे. मारी क्यूरींनी पदार्थविज्ञान शिकवावे, लांजव्हँ यांनी गणित, आणि पेरँ यांनी रसायनशास्त्र. सुमारे दोन वर्षे ही आगळी शाळा चालली. तिच्यात पेरँ यांची मुले आलीन आणि फ्रान्सिस होती, तशीच मारी क्यूरींची कन्या इरेनही होती. इरेनला पुढे नोबेल पारितोषिक मिळाले, तर फ्रान्सिस नामांकित पदार्थवैज्ञानिक झाले.

ज्ञान मूठभर विद्वानांपाशी कोंडून राहू नये, अशी पेरँ यांची तळमळ होती. १९३७ साली पॅरिसमध्ये त्यांच्या प्रेरणेने ‘शोधांचा प्रासाद’ उघडण्यात आला. काचेच्या कपाटात वस्तू मांडून ठेवण्याऐवजी तेथे सामान्य लोकांसमोर प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवीत. सरकारात संशोधनाचे खाते त्यांनी काही काळ सांभाळले, आणि संशोधकांना निश्चिंतपणे काम करता यावे म्हणून राष्ट्रीय वैज्ञानिक संशोधन केंद्राच्या स्थापनेसाठी ते झटले. १९३९ च्या ऑक्टोबरात हे केंद्र स्थापन झाले.

पण तेव्हा दुसरे महायुद्ध सुरू झाले होते. १९४० साली जर्मन फौजांनी पॅरिस घेतले. अन्यायाशी तडजोड करणे पेरँ यांच्या स्वभावात नव्हते. वयाच्या सत्तरीत त्यांना आपले शहर, आपली प्रयोगशाळा, आपले सारे सोडावे लागले. ज्या वर्षी त्यांचा जन्म झाला त्या वर्षीच्या युद्धाने वडिलांना हिरावून नेले होते. आता दुसऱ्या युद्धाने त्यांना मातृभूमीला पारखे केले. उत्तर आफ्रिकेमार्गे ते अखेर अमेरिकेत न्यूयॉर्क येथे पोहोचले. तेथेही ते स्वस्थ बसले नाहीत. आपल्यासारख्याच निर्वासित फ्रेंच विद्वानांच्या कार्यात त्यांनी भाग घेतला. १७ एप्रिल १९४२ रोजी, परदेशात, त्यांचे निधन झाले. स्वतंत्र फ्रान्स पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. युद्ध संपल्यावर, १९४८ साली, ‘जान दार्क’ या फ्रेंच युद्धनौकेने त्यांचे अवशेष सन्मानाने मायदेशी आणले. राष्ट्रातील थोर पुरुषांना जेथे चिरविश्रांती मिळते, त्या पॅरिसच्या पाँतेओंमध्ये ते ठेवण्यात आले.

पेरँ गेले, पण त्यांनी रुंद केलेली वाट पुढे दूरवर गेली. त्यांच्या निधनानंतर एका वर्षाने, १९४३ साली, भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ सुब्रह्मण्यम् चंद्रशेखर यांनी अमेरिकेत एक विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. पाण्यातील कणांच्या भटकंतीला लागू पडणारे गणित आकाशात विखुरलेल्या ताऱ्यांनाही कसे लावता येते, हे त्यांनी त्यात दाखवले. सच्छिद्र खडकातून झिरपणारे पाणी असो, किंवा काजळीच्या कणांची जाळी असो, जेथे जेथे योगायोगाने मांडणी होते, तेथे तेथे आज गणित आणि पदार्थविज्ञान हातात हात घालून काम करतात.

पुन्हा कधी कवडशातील धूलिकण दिसले, तर क्षणभर थांबून त्यांच्याकडे पाहा. प्रत्येक कणाची वाट वेगळी आणि अनिश्चित आहे. पण ज्याच्यापाशी चिकाटी आहे, जो न कंटाळता तेरा हजार वेळा मोजण्यास तयार आहे, त्याला त्या गोंधळातूनही सृष्टीचा नियम सापडतो. झां पेरँ यांना तो सापडला.